मदत हवी आहे: चौरस हा आयतही असतो, हे पाचवीला कसं दाखवायचं?

रत्नागिरीजवळची जिल्हा परिषद शाळा, चौथी-पाचवी एकत्र. प्रोजेक्टर नाही, पावसात पुठ्ठा मऊ पडतो, म्हणून नारळाचे हीर आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे वापरतो. १५ सेंमीचे चार हीर जोडून चौरस करायचा आणि कोपरा दाबायचा: बाजू त्याच, कोन बदलले, समभुज चौकोन तयार. हे मुलांना लगेच कळतं. काटकोन तपासायला दोनदा दुमडलेला कागद पुरतो.

अडतं ते वर्गीकरणात. वेगवेगळ्या डब्यांत कार्डं टाकायला दिली की चौरस एकाच डब्यात जातो, आणि तिथेच ‘चौरस म्हणजे आयत नव्हे’ हे पक्कं होतं. म्हणून डबे काढले. आता सुतळीची एकमेकांत शिरणारी दोन वर्तुळं आहेत: ‘चारही बाजू समान’ आणि ‘चारही कोन काटकोन’. चौरस बरोबर मधे येतो. पतंग, समलंब बाहेर. पण समांतरभुजही बाहेरच राहतो!

त्यासाठी ‘समोरासमोरच्या बाजू समांतर’ हे तिसरं वर्तुळ आणलं, तर मुलं ते बाजूला मांडतात. खरं तर पहिली दोन्ही पूर्ण त्याच्या पोटात हवीत. व्याख्या आधी सांगायची नाही, तास दोनच.

मग मोठ्या वर्तुळापासूनच सुरुवात करावी, की हो-नाही प्रश्नांची फांदी काढावी? आणि समांतरपणा पाचवीच्या मुलाने हाताने तपासायचा कसा?