सल्ला हवा: पावसाळ्यात लाकडी मालधक्क्याचे मॉडेल बांधणे आणि त्याला जुनेपण आणणे

चाळीतली_आगगाडी
नमस्कार. माझ्या मामेभावाने परदेशातून येताना मॉडेल रेल्वेच्या एचओ प्रमाणातील, म्हणजे १:८७ आकाराच्या, एका लहान मालधक्क्याचा लाकडी संच आणून दिला आहे. त्यात लेझरने कापलेले बासवुड या हलक्या, मऊ लाकडाचे भाग, छपरासाठी पुठ्ठा आणि चार पानांचे सूचनापत्र आहे. आजवर मी केवळ प्लॅस्टिकचे संच जोडले असल्यामुळे लाकडाची सवय मला नाही. गेल्या आठवड्यात मी एक भिंत बाहेरच्या बाजूने पाण्यातील अ‍ॅक्रिलिक रंगाने रंगवली, आणि सकाळी पाहते तो तिला पापडासारखा बाक आलेला! गिरगावातील आमच्या खोलीत जुलै महिन्यात कपडेसुद्धा दोन-दोन दिवस वाळत नाहीत. तेव्हा हे काम दसऱ्यानंतरच हाती घ्यावे काय? मला हा मालधक्का नेरळ-माथेरान मार्गावर शोभेल असा, अनेक पावसाळे सोसलेला दिसायला हवा आहे. त्यासाठी कोणते साहित्य घ्यावे आणि ते मुंबईत कोठे मिळेल, हेही कृपया सांगावे.

रंध्याची_धार
बाक आलेली भिंत टाकून देऊ नका. तिच्या न रंगवलेल्या बाजूवर ओला ब्रश फिरवा, दोन्ही बाजूंना बटर पेपर लावा आणि दोन दिवस जाड पुस्तकांखाली सपाट दाबून ठेवा. बहुतेक वेळा ती सरळ होते. एकाच बाजूला पाणी लागले की ती बाजू आधी फुगते व सुकताना आक्रसते, दुसरी मात्र होती तशीच राहते, म्हणून फळी वळते. त्यामुळे लाकडाच्या दोन्ही बाजूंना एकाच बैठकीत रंग द्यावा, आणि त्याआधी भिंतीच्या आतून ३ मिलीमीटर जाडीच्या पट्ट्या चिकटवून आधार द्यावा. सूचनापत्रात आधार दाखवला नसला तरी आपल्या हवेत तो द्यावाच.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जुन्या लाकडाचा करडा रंग बाहेरून शाईने द्यायचा असेल, तर तो फेविकॉल लागण्यापूर्वी चढवावा. डिंक जेथे सांडतो तेथे लाकडाची छिद्रे बुजतात, मग शाई आत शिरत नाही आणि प्रत्येक सांध्याशी फिकट डाग उरतो. तो नंतर कशानेही झाकला जात नाही; माझ्या पहिल्या तिन्ही इमारती त्याची साक्ष देतात. म्हणून क्रम असा ठेवावा की प्रथम आतून आधार, तोही कडांपर्यंत डिंक न येऊ देता, मग शाई, मग रंग, आणि अगदी शेवटी चार भिंतींची जोडणी. भिंती जोडताना सुताराच्या गुण्याला टेकवून कोपरा काटकोनात आहे ना, हे पाहावे.

शाईचे मिश्रण घरीच करावे. १०० मिलीलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये सुमारे २ मिलीलिटर काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक घालावी आणि आधी टाकाऊ तुकड्यावर लावून पाहावी, कारण काही शाया अल्कोहोलमध्ये फाटतात. औषधांच्या दुकानातील ७० टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये उरलेला भाग पाण्याचा असतो आणि तेवढ्यानेही पातळ लाकूड वळते. ९९ टक्क्यांचे लॅमिंग्टन रोडवर सर्किट बोर्ड धुण्यासाठी विकतात, ते घ्यावे. शाई अब्दुल रहमान स्ट्रीटवरील स्टेशनरीच्या दुकानांत सहज मिळेल. हे काम खिडकीपाशी आणि गॅसपासून दूर करावे.

पत्रा_आणि_पन्हाळ
दसऱ्यापर्यंत थांबण्याची आवश्यकता मला वाटत नाही. सुटे भाग झाकणबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत आणि कामापुरतेच बाहेर काढावेत. पावसाळ्यात फक्त स्प्रेचे वॉर्निश मारू नये. त्यातील द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील ओलावा त्यावर बसतो आणि सगळ्या कामावर दुधी सायीसारखा थर येतो.

छपरासाठी पुठ्ठ्याऐवजी पन्हाळी पत्रा करावा, कारण आपल्याकडच्या मालधक्क्यावर तोच अधिक खरा वाटतो. स्वयंपाकाची अ‍ॅल्युमिनियम फॉइल दुहेरी करून बारीक दातेरी पट्टीवर बोथट काडीने दाबली की पन्हाळी उमटतात. पत्रे छोटे कापावेत, खालच्या ओळीपासून सुरुवात करून वरच्या ओळीचा काठ तिच्यावर चढवावा, आणि एखाद-दुसरा पत्रा किंचित तिरका बसवावा. फॉइल गंजल्यासारखी दिसावी म्हणून फेरिक क्लोराइडमध्ये बुडवण्याचा सल्ला आपल्याला कोठेतरी वाचायला मिळेल. अ‍ॅल्युमिनियमशी त्याची क्रिया इतकी जोरात होते की द्रावण उकळू लागते आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो, त्यामुळे चाळीतील एका खोलीत हा प्रयोग कृपया करू नये. प्रायमरवर विटकरी आणि गडद तपकिरी रंग स्पंजच्या तुकड्याने टिपले तरी पुरेसे होते. खिळ्यांच्या रांगेपासून उताराच्या दिशेने गंजाचे ओघळ काढावेत. आडवे ओघळ पाहिले की माझे तरी डोके फिरते.

घाटातला_नळा
सूचनापत्रातील चित्राप्रमाणे सगळीकडे सारखा राखाडी रंग देऊ नये, असे मी सुचवेन. ते रूप कोरड्या, उन्हाळ प्रदेशातील लाकडाचे आहे. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून मॉडेलची कोणती भिंत त्या दिशेला आहे, हे आधी ठरवावे. त्या भिंतीवरचा रंग अधिक उडालेला दाखवावा. फळ्यांच्या कडांना रंगापूर्वी मेणबत्ती हलकेच घासली, तर तेथला रंग नंतर नखाने निघतो आणि खालचे करडे लाकूड दिसते. सावलीतल्या भिंतीच्या पायथ्याशी आणि पन्हाळ गळते त्या जागी काळपट हिरवे शेवाळ असावे. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत, म्हणजे १:८७ मध्ये जेमतेम ५ मिलीमीटर, चिखलाचे तांबूस शिंतोडे हवेत. मी त्यासाठी कोरडे खडू ब्लेडने खरवडून ती पूड मऊ ब्रशने लावतो. वॉर्निश मारल्यावर पूड निम्मी नाहीशी होते, हे लक्षात घेऊन आधीच थोडी अधिक लावावी.

विषयाला धरून एक बारीकसा आक्षेप. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर २ फूट आहे. एचओ प्रमाणात ते ७ मिलीमीटर होते, तर बाजारातील अरुंद रुळांमध्ये ते ९ मिलीमीटर असते. धक्क्याची कड ठरवताना डबा रुळावर ठेवूनच माप घ्यावे.

चाळीतली_आगगाडी
सर्वांचे आभार. भिंत दोन दिवसांत सरळ झाली, एका कोपऱ्यात मात्र केसाएवढी फट उरली आहे. तेथे फळी कुजली असे दाखवीन. शाईचा पहिला हात कालच दिला आणि लाकडाच्या रेषा फारच सुरेख उठल्या. आता एवढेच विचारायचे आहे की चिखलासाठी खडूऐवजी रत्नागिरीच्या आमच्या अंगणातील तांबडी माती वापरली तर चालेल काय?

घाटातला_नळा
अवश्य वापरा, तिच्या रंगाची सर खडूला येत नाही. माती तव्यावर कोरडी भाजा, मलमलीच्या कापडातून दोनदा गाळा आणि रुळांजवळ पसरण्यापूर्वी तिच्यावरून लोहचुंबक फिरवून पाहा. जांभ्याच्या मातीत लोह भरपूर असते, आणि चुंबकाला चिकटणारे कण इंजिनाच्या मोटारीत गेले की ती अडकते.