धुऱ्यावरचं गिनी गवत तुरीत शिरलं, काढायचं कसं?

धुरकरी (आर्वीकडचे): वैरणीसाठी धुऱ्यावर (बांधावर) लावलेलं गिनी गवत आता तुरीच्या तासात (ओळीत) अन् नाल्याच्या काठावर उतरलंय. उन्हाळ्यात दोनदा रोटाव्हेटर मारला, पण ठोंब उलट वाढले. चाऱ्याचं गवत असं तण कसं होतं?

काळी_माती: रोटाव्हेटरनंच घात केला भाऊ. गिनीची लागवडच ठोंब फोडून करतात, ते काम यंत्रानं फुकटात करून दिलं. बुडासकट तुटलेला तुकडा ओल लागली की फुटतो.

दुसरं म्हणजे बी. तुऱ्यातलं बी एकदम पिकत नाही, पिकेल तसं गळतं. तुरा हिरवा दिसतो तेव्हाच खाली सडा पडलेला असतो, अन् हलकं बी पाण्याबरोबर नाला धरतं. वर हे गवत सावली सोसतं, म्हणून तुरीखालीही दबत नाही.

दोन-तीन पाऊस पडून जमीन भिजली की सब्बलीनं ठोंब बुडातून काढा, माती झटका, मुळं वर करून मुरमाड जागी वाळवा. नुसतं विळ्यानं कापाल तर आठवड्यात फुटवे. पेरणीआधी उगवलेली बारकी रोपं वखरात जातात, नंतरची डवऱ्यात (ओळींमधून चालणाऱ्या कोळप्यात). तासातली झाडाबुडाची मात्र निंदूनच काढावी लागतात.

धुरकरी: फवारणीनं जमणार नाही का?

पऱ्हाटी_तूर: सोयाबीन-कपाशीत क्विझालोफॉप-इथाईल ५ ईसी (फक्त गवतवर्गीय तण मारणारं तणनाशक), एकरी ३०० ते ४०० मिली, गवत २ ते ४ पानांवर असतानाच. जुना ठोंब वरून पिवळा पडतो अन् पुन्हा फुटतो. ग्लायफोसेटचा विचार सोडा. वाऱ्यानं कपाशीवर गेलं की पीक गेलं.

कुसळी: "तण कसं होतं"चं उत्तर निवडीतच आहे. लवकर रुजणारं, भरपूर बी धरणारं, चरलं-कापलं तरी फुटणारं गवत आपण चारा म्हणून निवडतो. तणालाही हेच गुण लागतात. ऑस्ट्रेलियात आफ्रिकेतून चाऱ्यासाठी नेलेलं गांबा गवत ४ मीटरपर्यंत वाढतं अन् वणवे भडकवतं. आपलं अंजन गवतसुद्धा तिकडे तण ठरलंय!

धुऱ्यावर संकरित नेपिअर (फुले जयवंत वगैरे) लावा. त्याला उगवणारं बी धरत नाही, कांड्यांवरच लागवड होते. फक्त कापलेली कांडी ओलीत फेकू नका. नाल्यात पॅरा गवत तर मुळीच नको, पेरापेराला मुळं फुटून पाणी तुंबतं.

धुरकरी: तुरा आलेला चारा ढोरांना चालेल?

काळी_माती: तुऱ्याआधीच कापा. पिकलेलं काही बी शेणातून जिवंत बाहेर पडतं, म्हणून ताजं शेण सरळ वावरात नको, उकिरड्यात चांगलं कुजू द्या.