खाडीवरचं संशोधन: कोळीवाड्याला सहीपुरतं बोलवायचं की निर्णयातही बसवायचं?

दिवाळेकर
ठाणे खाडीचा मोठा पट्टा 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये खाडीचं नाव महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं, आणि आमच्या जेटीवर संशोधकांची ये-जा वाढली. पोरं-पोरी मेहनती असतात, गुडघाभर चिखलात उतरतात. माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. विद्यापीठं आमच्यापुढे जे कागद ठेवतात त्यांच्याविषयी आहे.

एका विद्यापीठाने आमच्या मच्छीमार संस्थेशी सामंजस्य करार केला. ‘लोकसहभाग’ हा शब्द पानोपानी होता. पण पैसा, माहिती आणि मतभेद, तिन्हींचा निर्णय प्रमुख संशोधकाच्या हातात. जुन्याजाणत्या कोळ्यांनी ओहोटीच्या वेळी जेटीवर बसून कागदावर खाडी काढून दिली: जिताडा कुठल्या महिन्यात कुठल्या वळणाला येतो, डोलीचं जाळं कुठे लावायचं, चिंबोरी कुठल्या खाजणात भरलेली मिळते. तो नकाशा जीपीएस बिंदूंसकट अहवालात छापला गेला. पुढच्या हंगामात बाहेरच्या होड्या नेमक्या त्याच जागांवर.

म्हणून म्हणतो, पहिला प्रश्न विचारायच्या आधी काही गोष्टी लिहून घ्याव्यात. होडी, डिझेल आणि माहिती देणाऱ्याची बुडालेली मजुरी यांना अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष हवं. ‘आकस्मिक खर्चा’त ढकलू नये. जागांची कच्ची माहिती संस्थेच्या ताब्यात राहावी, विचारल्याशिवाय वापरू नये. प्रकल्पाच्या समितीत निम्मी माणसं गावची हवीत, मताच्या अधिकारासह. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे तिथल्या मूळनिवासी समाजांनी, 1998 पासून हीच मागणी लावून धरली आहे की आपल्याबद्दलच्या माहितीची मालकी, नियंत्रण आणि ताबा आपल्याकडेच हवा. आमच्या गावाने ती का करू नये?

खारघरची प्राध्यापक
डिझेल आणि नकाशा, दोन्हींबाबत तुमच्या बाजूने आहे. नेमके बिंदू छापायची गरजच नव्हती. किलोमीटरभराच्या चौकटीत दाखवलं असतं तरी शास्त्राचं काही बिघडलं नसतं. पण समितीचा मताधिकार निष्कर्षांपर्यंत पोचणार असेल तर माझा ठाम विरोध आहे.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं या खाडीत आलंय. उद्या कुणी चिंबोरीतलं शिसं मोजलं आणि आकडा वाईट आला, तर संस्थेचे पदाधिकारी म्हणणार, छापू नका, बाजार बसेल. बाजार खरंच बसेल. पण तीच चिंबोरी गावातली गरोदर बाई खाते. तिला कोण सांगणार? संशोधकाचं स्वातंत्र्य आम्ही मागतो ते तिच्यासाठीही.

दिवाळेकर
ताई, निष्कर्ष बदलायचा अधिकार आम्ही मागतच नाही. छापून यायच्या आधी गावात येऊन मराठीत सांगा, एवढं मागतोय. कुठली जात, कुठल्या भागातली, किती खाल्ली तर धोका, हे सांगा. नुसतं ‘खाडीची मासळी विषारी’ असं छापून आलं की भाऊच्या धक्क्यावरून आणलेला पापलेट विकणारीचीही टोपली भरलेली घरी येते. महिनाभर मुदत द्या, आणि आमचं म्हणणं वेगळं असलं तर ते अहवालातच जोडा.

ऐरोलीकर
मी सामाजिक संस्थांचे हिशेब बघतो, म्हणून पैशाबद्दल. निधी परदेशी असेल तर आधी सावध व्हा. 2020 च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेला पैसा एका संस्थेला दुसरीकडे वळता करता येत नाही, दुसरीची स्वतःची नोंदणी असली तरी. तेव्हा ‘विद्यापीठाकडे अनुदान येईल, त्यातला वाटा आम्हाला’ या भरवशावर करार बांधू नका. देशी निधीतली रड वेगळी. हप्ता उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे आधीचा पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्यावर, अडतो, तोवर गावच्या संस्थेने खिशातून खर्च केलेला असतो. पैसे कधी आणि कशावर मिळणार हे लिहिलेलं नसेल तर समितीत निम्म्या खुर्च्या मिळून काय करायच्या?

तुर्भेकरीण
सगळे ‘गाव, गाव’ म्हणताय. गाव म्हणजे कोण? कितीतरी मच्छीमार संस्थांच्या सभासद यादीत होडीवाले पुरुष असतात. बाजारात बसणाऱ्या बायका, ओहोटीला चिखलात हात घालून निवट्या-चिंबोऱ्या काढणाऱ्या बायका त्या यादीत शोधून सापडत नाहीत. आणि मासळी दूषित ठरली तर पहिला फटका त्यांनाच.

केरळच्या काणी आदिवासींचं उदाहरण नेहमी कौतुकाने देतात. आरोग्यपच्चा या वनस्पतीवरून ‘जीवनी’ औषध झालं, परवाना शुल्क आणि रॉयल्टीतला निम्मा वाटा काणींसाठी ठेवला, 1997 मध्ये त्यांचा ट्रस्ट नोंदवला गेला. चांगलंच झालं. पण सल्लामसलत झाली ती एका भागातल्या काणींशी. दुसऱ्या भागांतल्या काणींनी आक्षेप घेतला. वाटा ठरला, वाटेकऱ्यांवर एकमत नव्हतं. आपल्याकडे वेगळं काय होणार आहे?

दिवाळेकर
बायकांच्या जागा करारातच लिहाव्यात, गावच्या जागांपैकी निम्म्या. बैठक बाजाराच्या वेळेत नको, आणि बुडालेल्या धंद्याचे पैसे मिळावेत. फक्त त्या कोण, हे त्याच बायकांनी बसून ठरवायचं. विद्यापीठाला सोयीची, गोड बोलणारी एक ताई निवडली जाते, हेही पाहिलंय.

खारघरची प्राध्यापक
हे मान्य. मग मतभेद सोडवणार कोण? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीचा अध्यक्ष त्या संशोधन संस्थेबाहेरचा असावा लागतो आणि समितीत सर्वसामान्य नागरिकही बसतो. ती तत्त्वं आरोग्य संशोधनासाठी आहेत, पण तीच रीत इथे आणता येईल: ना विद्यापीठाचा, ना मच्छीमार संस्थेचा, असा तिसरा माणूस दोघांनी मिळून आधीच ठरवायचा.

महिन्याची मुदतही चालेल, पण दोन अटींवर. मुदतीत उत्तर आलं नाही तर संमती धरायची. पीएचडीच्या मुलीची शिष्यवृत्ती कुणासाठी थांबत नाही. आणि मुलांच्या रक्तात शिसं सापडलं तर मी एक दिवसही थांबणार नाही, करारात काहीही असो.

दिवाळेकर
मुलांच्या बाबतीत थांबूच नका. त्याच संध्याकाळी घरी जाऊन आई-बापाला सांगा. आधी घर, मग पेपरवाले, हा क्रम तेवढा लिहा.

मौन म्हणजे संमती मात्र नाही चालणार. नारळी पौर्णिमेनंतर गाव होडीवर असतं. तेव्हा आलेल्या ईमेलला उत्तर गेलं नाही म्हणून सगळं मंजूर? संस्थेच्या सभेत मांडा, इतिवृत्तात नोंद होऊ द्या, तिथून महिना मोजा.

तुर्भेकरीण
आणि त्या सभेला बिगरसभासद बायकांना बसायची मुभा हवी. नाहीतर पुन्हा तेच.

खारघरची प्राध्यापक
सभेपासून मुदत मोजायला माझी हरकत नाही. पण सभा बोलावलीच नाही तर? निष्कर्ष गैरसोयीचे असले की सभा पुढे ढकलणं सगळ्यात सोपं असतं. ती किती दिवसांत आणि कुणी बोलवायची, आणि नाही बोलावली तर पुढे काय, हे कलम मला आधी दाखवा. त्याशिवाय मी सही करणार नाही, आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही करू देणार नाही.