मदत हवी आहे: आईच्या ईसीजीत एलबीबीबी, पुढे कोणती तपासणी करावी?

आई ६६ वर्षांची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी ईसीजी काढला, तर पट्टीवर वरच 'लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक' (एलबीबीबी, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूकडे जाणाऱ्या विद्युत संदेशात अडथळा) छापून आलं. क्यूआरएस (ठोक्याच्या मुख्य लाटेची रुंदी) १४८ मिलिसेकंद आहे, म्हणजे १२० च्या मर्यादेच्या बराच वर. व्ही६ मध्ये (छातीच्या डाव्या बाजूची ईसीजी लीड) ती लाट रुंद आणि टोकाला दुभंगलेली दिसते. जुना ईसीजी घरात कुठेच सापडत नाही, त्यामुळे हे नवीन की आधीपासूनचं, काहीच कळत नाही. मला सगळ्यात जास्त तेच खातंय.

छातीत दुखत नाही, चक्कर नाही. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे. दोन जिने चढल्यावर हल्ली दम लागतो, पण ती म्हणते, "वयच झालं आता." टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, ईएफ (हृदयाची पंप करण्याची क्षमता) ५५ टक्के, झडपा ठीक.

एका सेंटरने टीएमटीसकट (ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून काढायचा ईसीजी) पॅकेज सुचवलंय. पण एलबीबीबी असताना टीएमटीच्या आलेखावरून हृदयाच्या रक्तवाहिन्यांतल्या ब्लॉकेजचा अंदाज धरता येत नाही, मग आईला उगाच पट्ट्यावर का पळवायचं? आमच्या डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत: सीटी कोरोनरी अँजिओग्राफी (डाय टोचून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन) किंवा औषध देऊन स्ट्रेस थॅलियम (हृदयाच्या स्नायूला रक्त नीट पोचतं का ते पाहणारा स्कॅन). क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.३ असल्याने सीटीच्या डायची धास्ती वाटते.

कुणाच्या घरी असंच निघालं होतं का? काय निवडलंत, आणि का? इथे कुणी कार्डिओलॉजिस्ट असतील तर कृपया सांगा, डोळ्याचं ऑपरेशन तोवर थांबवावं का? डॉक्टरांची पुढची भेट सोमवारी आहे, त्याआधी नेमके प्रश्न लिहून न्यायचे आहेत.