दोनच पोर्टचा लॅपटॉप: हब कुठला घ्यावा आणि लग्नाचे फोटो कशात ठेवावेत?

मिरजेचा_कॅमेरावाला
मंडळी, सेकंडहँड मॅकबुक एअर घेतलाय, एम१ वाला, २०२० चा, २५६ जीबी. दोनच टाइप-सी पोर्ट, त्यातल्या एकात चार्जर गेला की उरला एक. माझं काम लग्नाचं, एका लग्नाचे रॉ फोटो आणि व्हिडिओ धरून दीडशे-दोनशे जीबी सहज होतात त्यामुळे लॅपटॉपमध्ये काही मावत नाही, म्हणून साडेसहाशेचा एक हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) घेतला आणि चार्जर, कार्ड रीडर, जुनी १ टीबीची हार्ड डिस्क सगळं त्यालाच जोडलं. परवा हॉलवर कार्ड रिकामं करत होतो, पंगती चालू होत्या आणि लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर मस्त चालू, पण डिस्क मात्र 'नीट इजेक्ट केली नाही' म्हणून गायब! हळदीचं अर्धं फोल्डर उघडेना. नशीब कार्ड फॉरमॅट केलं नव्हतं, नाहीतर नवरीच्या मामांनी तिथेच धरला असता. डिस्क गेली की हब भंगार आहे? एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क) घेऊ का? कधीकधी हॉलवर एचडीएमआय पण लागतं.

सोल्डरगन
भावा डिस्क बहुतेक ठणठणीत असेल. चार्जर हबमधून दिला की हब त्या पॉवरवर चालतो. लाइट गेली की त्याला लॅपटॉपकडून पॉवर घ्यावी लागते आणि ती अदलाबदल होताना बरेच हब क्षणभर बंद पडून परत चालू होतात. तेवढ्यात हबवरचं सगळं तुटतं. महागडे हबही करतात हे, त्यामुळे नुसता हब बदलून भागेलच असं नाही.

जोडणी बदल. ज्यावर लिहायचंय ती डिस्क थेट लॅपटॉपला, दुसऱ्या पोर्टला हब आणि हबवर कार्ड रीडर. चार्जर लागलाच तर हबला लाव, लाइट गेली तर कार्डाची जोडणी तुटेल पण कार्डवरून आपण नुसतं वाचतोय ना, परत कॉपी मारायची. तसंही एम१ ची बॅटरी धड असेल तर तासाभराच्या कॉपीला चार्जर कशाला हवाय.

नाशिकची_एडिटर
वरच्याशी सहमत, फक्त एसएसडीबद्दल थोडं. दादा, कार्ड रिकामं करायला एसएसडीने फारसा फरक पडणार नाही. कॅमेऱ्याचं साधं यूएचएस-१ प्रकारचं कार्ड सेकंदाला ९० एमबीच्या आसपास वाचतं, तुमची हार्ड डिस्क शंभरच्या वर लिहिते, म्हणजे अडतंय कार्डापाशी. फरक पडतो एडिटिंगला, एसएसडीवरून टाइमलाइन सरसर पळते. घ्यायची तर १० जीबीपीएस वेगाची घ्या, २० वाली घेऊन पैसे घालवू नका, तो २० चा मोड तुमच्या मॅकला येतच नाही, १० वरच चालेल.

आणि केबल!! मॅकच्या चार्जरसोबतची पांढरी केबल डिस्कला लावू नका, ती यूएसबी २ च्या स्पीडची आहे. मी दोन आठवडे लावून बसले होते आणि नव्या एसएसडीला शिव्या घालत होते, २०० जीबीला जवळपास दीड तास. डिस्कच्या डब्यातली आखूड केबलच वापरा.

जुना_खेळाडू६२
ऑनलाइन '१६ टीबी एसएसडी' दोन-तीन हजारात दिसेल, त्याच्या वाटेला जाऊ नका. माझ्या भाच्याने आणली होती, फोडली तर आत छोटंसं मेमरी कार्ड आणि वजनासाठी लोखंडाची पट्टी, वर गरम गोंद! असली डिस्क भरताना तक्रार करत नाही, मागचं पुसत जाते. नवी डिस्क आणली की आधी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा मॅकवर एफ३ (डिस्कची खरी जागा तपासणारे प्रोग्राम) चालवून बघा, रात्रभर लागला तरी चालेल.

सोल्डरगन
एचडीएमआयचं राहिलं. स्वस्त हबवर ४के ला ३० हर्ट्झच (सेकंदाला ३० चित्रं) मिळतं, घरी ४के मॉनिटर असेल तर ६० लिहिलेला बघून घे. हॉलचा प्रोजेक्टर फार तर फुल एचडी, त्याला कुठलाही चालतो. वायरलेस माउस अडखळत असेल तर त्याचा रिसीव्हर हबपासून लांब ठेव, यूएसबी ३ ची २.४ गिगाहर्ट्झमध्ये ढवळाढवळ होते.

मिरजेचा_कॅमेरावाला
काल घरी जुन्या जोडणीवर टेस्ट फोल्डर कॉपीला लावलं आणि मेन स्विच पाडला. हबचा दिवा एकदा लुकलुकला आणि डिस्क गुल. मग सोल्डरगन म्हणाले तशी डिस्क थेट लावून परत पाडला तर कॉपी चालूच! तिसऱ्यांदा पाडायला गेलो तर आई लाटणं घेऊन आली, तिची मालिका चालू होती. १ टीबी एसएसडी मागवलीय, जुनी डिस्क दुसऱ्या कॉपीला. अल्बमवाल्याकडे विंडोज आहे, फॉरमॅट काय ठेवू?

नाशिकची_एडिटर
एक्सफॅट, तो मॅक आणि विंडोज दोन्हीवर चालतो. एनटीएफएस हा विंडोजचा फॉरमॅट, मॅक तो वाचतो पण त्यावर लिहीत नाही. फक्त एक्सफॅटची डिस्क मध्येच उपटली तर जास्त बिघडते, तेव्हा इजेक्ट केल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि दोन्ही कॉप्या उघडून बघेपर्यंत कार्ड खिशात.