माजावरचं हरीण आणि झाडावरचा धनुर्धारी: यात घात कुठे?

रानफेरी (विस्कॉन्सिन)
परवा इथे एकांनी लिहिलं, "नोव्हेंबरात नर माजावर असतो, त्याला कशाचं भान नसतं. अशा वेळी झाडावर लपून बाण मारणं ही शिकार नव्हे, घात आहे." वाचून डोकं सणकलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

माजावरचा व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीचं अमेरिकी हरीण) आंधळा होतो ही समजूत ज्यांनी जंगलात पाय ठेवलेला नाही त्यांचीच असते. दिवस लहान व्हायला लागला की नर बदलतो आणि आमच्याकडे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात माजाचा कळस असतो. मादी जेमतेम एक दिवस माजावर राहते. तेव्हा फळली नाही तर पुन्हा साधारण अठ्ठावीस दिवसांनी. त्यामुळे नर भर दुपारीही हिंडतो, चरणं सोडतो, वजनाचा पाचवा हिस्सा गमावून बसतो. पण नाक शाबूत असतं. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वळला की संपलं, शेपटी वर करून पसार.

एकदा त्याची स्क्रेप, म्हणजे माजावरच्या नरानं सोडलेली खूण, जवळून बघा. झुकलेली फांदी चावून, कपाळ घासून ठेवलेली. तिच्याखालचा पाचोळा खुरांनी उकरून हातभर माती उघडी केलेली. तिथे तो मागचे पाय जुळवून त्यांच्यावरूनच मुततो, तिथले केस काळे पडतात आणि माजावरच्या बोकडासारखा दर्प सुटतो. आपण झाडावर हार्नेस (पडू नये म्हणूनचा पट्टा) लावून, गारठ्यात बोटं बधिर होईपर्यंत बसायचं. तो वीस-पंचवीस यार्डांत यायला हवा, आडवा हवा, मध्ये फांदी नको, आणि धनुष्य ओढताना त्याची मान झाडाआड हवी. रायफलवाला याच्या कितीतरी पट लांबून उडवतो. मग घात कोणाचा म्हणायचा?

पानगळ (ओहायो)
ते वाक्य माझं नाही, पण मला शंभर टक्के पटतं.

तुम्ही नाकाचं सांगितलंत, बाण लागल्यानंतरचं नाही सांगितलंत. आमच्या घरामागच्या ओढ्याशी गेल्या साली एक मादी दिसायची, मांडीत बाण रुतलेला, तिन्ही पायांवर चालणारी. माझा मुलगा रोज खिडकीशी उभा राहायचा. एके दिवशी ती यायची थांबली. मेरीलंडमधल्या नौदलाच्या एका तळावर प्रशिक्षित धनुर्धाऱ्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या, त्यात बाण लागलेल्या दर शंभरातली अठरा हरणं हाती लागली नाहीत. ही परीक्षा देऊन आलेली माणसं! बाकीच्यांचं काय? संख्या कमी करायची तर बंदूक आहे. धनुष्याचा हट्ट माणसाच्या हौसेसाठी आहे, हरणाच्या भल्यासाठी नाही.

टोमॅटोवाली (न्यू जर्सी)
हौस म्हणा नाहीतर काही म्हणा, आमच्या टाउनशिपमध्ये येऊन मारा. हरणांपायी बागेतल्या होस्टा गेल्या, ट्युलिप गेले, गोचिडांमुळे नवऱ्याला लाइम हा आजार झाला आणि गुडघा कित्येक महिने सुजलेला होता. घरं इतकी जवळ की इथे रायफल चालणार कशी? धनुष्यच चालतं. शिवाय नोव्हेंबरात संध्याकाळी गाडी चालवणाऱ्यांनो, मादी रस्ता ओलांडून गेली म्हणून ब्रेकवरचा पाय काढू नका. मागून नर येतो, मान खाली घालून, दिव्यांकडे न बघता. आमच्या गाडीचं बॉनेट त्यानंच गेलं.

वऱ्हाडी (यवतमाळ)
तुमची होस्टा वाचून हसू नाही, रडू येतं. आमची तूर शेंगेवर असते तेव्हा रोह्याचा (नीलगाईचा) कळप एका रात्रीत अर्धं वावर साफ करते. रानडुक्कर हरभरा मुळासकट उकरते. माझे वडील सत्तरीत आहेत, अजून माळ्यावर जागलीला जातात. धुऱ्याला जुन्या साड्या बांधल्या, डबे वाजवले, विजेच्या कुंपणाची झटका मशीन लावली. चार दिवसांत जनावर सगळ्याला सरावते. तिकडे तुम्ही टॅग (शिकारीचा परवाना) विकत घेता, बाण मारता, मांस घरी नेता. आमच्याकडं 1972चा कायदा, अर्ज, पंचनामा, आणि भरपाई येईस्तोवर पुढची पेरणी.

पानगळ (ओहायो)
वऱ्हाडीभाऊ, तुमचं दुखणं खरं आहे, पण ते इथे आणून हौसेच्या शिकारीला पुण्य चिकटवू नका. तुमचे वडील शिंगं भिंतीवर लावायला जात नाहीत.

वऱ्हाडी (यवतमाळ)
ताई, तुम्ही खिडकीतून एक हरीण पाहिलं. आम्ही कळप पाहतो. एक रात्र जागलीला या, डिसेंबरच्या थंडीत, हातात बॅटरी अन् पायात साप. मग करुणा शिकवा. शहरातल्या माणसाला जनावर दिसते, त्याच्या पोटातलं आमचं पीक दिसत नाही.

पानगळ (ओहायो)
मी नगरची, कोरडवाहू घरातली आहे. दुष्काळात गुरं छावणीला नेलेली आहेत आम्ही. मला शेत शिकवू नका.

टोमॅटोवाली (न्यू जर्सी)
दोघंही जरा दमानं. पण वऱ्हाडींचा एक मुद्दा मला पटतो. इथे शिकाऱ्याच्या पैशावर जंगल राखलं जातं आणि तिकडे जंगलाचा खर्च शेतकऱ्याच्या ताटातून निघतो. हे कुणी बोलतच नाही.

वऱ्हाडी (यवतमाळ)
बरोबर. अन् वाघ पाहायला येणाऱ्यांच्या जिप्सीचे पैसे आमच्या धुऱ्यापर्यंत येत नाहीत. यावर वेगळा धागा काढा, मी लिहितो.

रानफेरी (विस्कॉन्सिन)
जरूर काढा. आता मूळ गोष्टीवर या.

पैशाचं टोमॅटोवालींनी बरोबर सांगितलं. 1937च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी बांधून दिला, 1970च्या दशकात धनुष्यबाणही त्यात आले. 1900च्या आसपास अमेरिकेत व्हाइटटेल पाच लाखांच्याही खाली गेली होती, बाजारासाठी केलेल्या बेसुमार कत्तलीनं. आज ती कोटींत आहेत. लांडगे आणि प्यूमा पूर्वेच्या बहुतेक भागातून आपणच संपवले, मग हरणांची संख्या आवरणार कोण?

पानगळताई, मांडीतला बाण मारणाऱ्याला माझ्याकडे क्षमा नाही. आमच्यात नियम असा की आधी बाण बघायचा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबून निघा. काळपट लाल म्हणजे यकृत, काही तास थांबा. हिरवट चिकटा आणि घाण वास म्हणजे आतडं, मग रात्र जाऊ द्या, कारण मागे लागलात तर ते उठून मैलभर जातं. 2014पासून आमच्याकडे क्रॉसबो (चाप ओढून बाण सोडायचं धनुष्य) सगळ्यांना मोकळा झाला आणि आदल्या दिवशी दुकानातून आणून दुसऱ्या दिवशी झाडावर चढणारे वाढले. माझा राग त्यांच्यावर आहे. महिनोन्‌महिने सराव केल्याशिवाय जंगलात जाऊच नये.

पानगळ (ओहायो)
रक्त वाचता येतं म्हणून जखम कमी होत नाही. आणि मुख्य प्रश्न तुम्ही टाळलात. संख्या आवरायची तर मादी मारायला हवी. एक नर अनेक माद्या फळवतो, तो गेला तर दुसरा येतो, पाडसं तितकीच. मग तुम्ही सगळे माजाचीच वाट का बघता? कारण मोठ्या शिंगांचा नर याच दिवसांत उजेडात फिरतो. तुमच्याच राज्यात 'आधी मादी, मगच नर' असा नियम होता ना? 2011मध्ये तो काढून टाकायला कोणी ओरड केली? शिकाऱ्यांनीच.

रानफेरी (विस्कॉन्सिन)
मादीचा मुद्दा बिनतोड आहे, तेवढा मान्य. तो नियम परत आला तर मी पहिली सही करीन, आणि माझे शिकारी मित्र माझ्याशी बोलायचे बंद होतील. पण मोठ्या नराची वाट बघण्यात लाज वाटावी असं मला काही दिसत नाही. त्याच्या स्क्रेप शोधणं, वारा ओळखणं, बहुतेक वेळा रिकाम्या हातानं परतणं, हे सगळं त्या जनावराला नीट ओळखल्याशिवाय होत नाही.

पानगळ (ओहायो)
ओळखता आणि मारता. मला हे दोन्ही एका वाक्यात बसत नाही, बसणारही नाही. तरी नियमाला सही करणार म्हणालात, ते लक्षात ठेवते.

टोमॅटोवाली (न्यू जर्सी)
रानफेरी, भावाकडे मॅडिसनला थँक्सगिव्हिंगला जातेय. त्याच्या शेजाऱ्यानं हरणाचं मटण दिलंय. रस्सा करायचा म्हणतात, पण सीडब्ल्यूडीचं (हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग) ऐकून हात धजावत नाही.

रानफेरी (विस्कॉन्सिन)
2002मध्ये विस्कॉन्सिनात तो रोग पहिल्यांदा सापडला तो मॅडिसनच्या पश्चिमेला, माउंट होरेबजवळच, तेव्हा विचारायलाच हवं. माणसाला झाल्याचं अजून सिद्ध नाही, पण शिजवून तो जातही नाही. शेजाऱ्यानं डोकं तपासणीला दिलं होतं का आणि निकाल आला का, एवढं विचारा. तपासणी फुकट असते. निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवा. दिलंच नसेल तर खाऊ नका, शेजाऱ्याला राग आला तरी.

वऱ्हाडी (यवतमाळ)
वेगळा धागा काढला आहे. पानगळताई, तुम्हीही या, छावणीचं लिहा.