अफोर्डन्सला मराठीत काय म्हणावं?

दाराला मूठ असली की हात ती ओढतोच. दार ढकलायचं असेल तर मुठीवर ‘ढकला’ अशी पट्टी चिकटवावी लागते, तरी माणसं ओढतच राहतात. नुसता सपाट पत्रा लावला तर पट्टीची गरजच उरत नाही. वस्तूच्या या गुणाला डिझाइनवाले अफोर्डन्स म्हणतात. मराठीत ‘सोय’ चालेल का?

---

‘सोय’ नको, कारण सोय नेहमी भल्याचीच असते. मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी हा शब्द घडवला, तेव्हा त्यात भलंबुरं दोन्ही धरलं होतं. कड्याच्या काठावरून चालता येतं, तसं पडताही येतं. पडण्याला कोणी सोय म्हणणार नाही. मी ‘वाव’ सुचवेन. सपाट पत्र्यावर ढकलायला वाव आहे, ओढायला नाही.

---

पण वाव हल्ली अमूर्त गोष्टींनाच लागतो ना? प्रतिभेला वाव, शंकेला वाव.

---

लाकूड फुगेल म्हणून चौकटीत थोडा वाव ठेवतात, तो अमूर्त कुठे आहे? मला तर शब्द फार आवडला. फक्त एक फरक पाळायला हवा. डिझाइनचे अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८मध्ये अफोर्डन्स डिझाइनमध्ये आणला आणि लोक तो कशालाही लावू लागले. पुढे नॉर्मन यांनाच सिग्निफायर, म्हणजे खूण, वेगळा काढावा लागला. काय करता येतं तो वाव, आणि ते कुठे, कसं करायचं हे सांगते ती खूण. कीबोर्डवर एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात. त्यांनी टायपिंगला नवा वाव मिळत नाही, पण न बघता बोटं जागेवर येतात. इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी खूण क्वचितच सापडेल.

जुन्या यूएसबीचं दुखणंही या दोन शब्दांत नेमकं मांडता येतं. ती एकाच बाजूने आत जाते, दिसते मात्र दोन्हीकडून सारखीच. वाव एक आणि खूण इतकी पुसट की हाताला कळतच नाही. सी प्रकारच्या जोडणीत खूण ठळक केली नाही, वावच वाढवला. कशीही घाला, बसते. मला हा उपाय जास्त पटतो, कारण वापरणाऱ्याला काही शिकावंच लागत नाही.

---

मग एटीएम? कार्ड काढून घेतल्याशिवाय पैसे बाहेर येत नाहीत, अशी रचना बऱ्याच यंत्रांत असते. पैसे आधी दिले की काम झालं असं वाटून माणूस कार्ड विसरतो. यात वावही नाही आणि खूणही नाही.

---

तो अटकाव. मुद्दाम घातलेला आणि योग्य जागी घातलेला. औषधाच्या बाटलीचं दाबून फिरवायचं झाकण त्याच जातीचं, पण ते मुलांना अडवताना संधिवाताने बोटं आखडलेल्यांनाही अडवतं. म्हणून अटकाव कोणाला, हे प्रत्येक वेळी शब्दासोबत लिहावं असं माझं मत आहे. ‘सुरक्षित झाकण’ म्हटलं की ते झाकून जातं.